पुणं पायाखाली घालायचं तर

शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा लग्न होऊन पुण्यात आलेली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं इथं राहतात आणि त्यांचं पुणं खोली, ऑफिस आणि गावची एसटी पकडायचं स्वारगेट एवढ्यातच संपतं. त्यांना दोष देता येत नाही. हे शहर नव्या माणसाच्या सहजासहजी हाती लागत नाही. रस्ते एकेरी, फुटपाथवर दुचाक्या लावलेल्या, पत्ते चौकांच्या नावांवर चालणारे, बस कधी येईल याचा नेम नाही आणि जावं तिथं रस्ता खोदून ठेवलेला. पहिल्या काही महिन्यांतच माणूस कंटाळतो आणि मग सुट्टीच्या दिवशी घराबाहेर पडत नाही. माझा या शहरावर जीव आहे, म्हणून नव्यानं आलेल्यांसाठी हे लिहावंसं वाटलं.

सांगायचं मुख्य एवढंच: पुणं यादी करून बघू नका. शनिवारवाडा, सारसबाग, सिंहगड असे ठिपके एका दिवसात जोडत गेलात तर संध्याकाळी पाय दुखतील, पण शहर कळणार नाही. इथं बघण्यासारखं जे आहे ते बहुतेक दोन ठिकाणांच्या मधल्या वाटेवर आहे. म्हणून एका सकाळी एकच तुकडा घ्या, तो पायी फिरा आणि महिन्याभरात त्याच तुकड्यात पुन्हा जा. दुसऱ्या खेपेला वाट शोधायचं टेन्शन नसतं, नजर मोकळी असते आणि खरं बघणं तेव्हा होतं.

आधी नकाशा डोक्यात बसवा

मुठा नदी खडकवासल्याकडून येते, शहराच्या मधून जाते आणि संगम पुलाजवळ मुळेला मिळते. या एका रेघेवर सगळं लावून घ्या. मुठेच्या उजव्या काठावर जुनं पुणं, म्हणजे कसबा आणि त्याच्या भोवतीच्या पेठा. डाव्या काठावर डेक्कन, शिवाजीनगर, एरंडवणे, पुढे कोथरूड. पेठांच्या पूर्वेला कॅम्प आणि रेल्वे स्टेशन. कॅम्प इंग्रजांचा. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली, पेशवाई बुडाली आणि पुढे पेठांपासून अंतर राखून लष्करानं आपली वस्ती बसवली. म्हणून क्वार्टर गेट ओलांडलं की रस्ते एकदम रुंद होतात, घरांची ठेवण बदलते.

पुढचा मोठा बदल 1961 चा. 12 जुलैला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. हजारो संसार उघड्यावर आले. गोखलेनगर, सहकारनगर या भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि शहर पेठांच्या बाहेर पसरलं. जुन्या वाड्यात किंवा सोसायटीत सत्तरी ओलांडलेले कोणी आजी-आजोबा असतील तर त्यांना पानशेतच्या पुराबद्दल जरूर विचारा. पाणी कुठपर्यंत आलं होतं, कोण कुणाच्या माडीवर राहिलं, हे ती माणसं कालच्यासारखं सांगतात. पुण्याची इतकी चांगली ओळख दुसऱ्या कुठल्या मार्गानं होत नाही.

बस आणि मेट्रो अंगवळणी पाडा

गाडी असली तरी पेठांत नेऊ नका. लावायला जागा मिळणार नाही, एकेरी रस्त्यांत फिरत बसाल आणि लक्ष सगळं ट्रॅफिकवर राहील.

मेट्रोच्या दोन मार्गिका आहेत: वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट. जिल्हा न्यायालय स्थानकात त्या एकमेकींना मिळतात, तिथं गाडी बदलता येते. सप्टेंबर 2024 पासून न्यायालय ते स्वारगेट हा जमिनीखालचा टप्पा सुरू झाला आणि जुन्या शहरात जायचा सगळ्यात मोठा त्रास संपला. कसबा पेठ आणि मंडई ही दोन स्थानकं थेट पेठांच्या पोटात उघडतात. आणखी एक उपयोग लक्षात ठेवा, विशेषतः मुलींनी आणि बायकांनी: जुन्या पुण्यात स्वच्छ स्वच्छतागृह मिळणं कठीण आहे, मेट्रो स्थानकात ते मिळतं. फिरण्याची वाट आखताना मध्ये एखादं स्थानक येईल असं बघा. लाजून पाणी न पिता दिवसभर फिरणं प्रकृतीला बरं नाही.

बस म्हणजे पीएमपी. जुनी माणसं अजून पीएमटीच म्हणतात. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी 2007 मध्ये एकत्र झाली. बसवरची पाटी मराठीत असते, मार्गाचा क्रमांक देवनागरीत येतो, तेव्हा दुसऱ्या राज्यातून आलेल्या मित्राला आधी एक ते नऊ हे आकडे शिकवा, तेवढ्यानं त्याचं निम्मं काम होईल. दिवसभर फिरणार असाल तर दैनिक पास काढा. उतरायचा थांबा चुकला तरी पुन्हा तिकिटाचा विचार करावा लागत नाही. बऱ्याच कंडक्टरांकडे आता क्यूआर कोड असतो, तरी सुट्टे पैसे खिशात असू द्या. गर्दीत सुट्ट्यांवरून होणारी वादावादी सकाळ बिघडवते.

पेठांतल्या बसची एक गोष्ट कुणी सांगत नाही आणि नवीन माणूस तिथं हमखास अडकतो. शिवाजी रस्ता एकेरी आहे, स्वारगेटकडून मंडई, दगडूशेठवरून शनिवारवाड्याकडे. बाजीराव रस्ता उलटा, शनिवारवाड्याकडून अप्पा बळवंत चौक, विश्रामबाग, शनिपारवरून स्वारगेटकडे. त्यामुळे ज्या थांब्यावर उतरलात त्याच्या समोर परतीचा थांबा नसतो, तो एक रस्ता सोडून असतो. मंडईजवळच्या थांब्यावर हा संवाद रोज कानावर पडतो:

"आजी, स्वारगेटची गाडी इथंच येते ना?"

"इथली शनिवारवाड्याला जाते, बाळा. स्वारगेटची हवी तर बाजीराव रोडला जा, शनिपारला थांब."

हे दोन रस्ते आणि त्यांना आडवा जाणारा लक्ष्मी रस्ता डोक्यात पक्का बसला की पेठांत हरवण्याची भीती उरत नाही.

रिक्षाबद्दल थोडक्यात: मीटर टाकायला सांगा. जवळचं भाडं बऱ्याचदा नाकारलं जातं. रस्त्यात उभं राहून हुज्जत घालण्यापेक्षा दुसरी बघा किंवा अ‍ॅपवर मागवा.

पहिली सकाळ: कसबा

सकाळी सातच्या आत कसबा पेठेत पोहोचा. दुकानं उघडायच्या आधी रस्ते मोकळे असतात, वाड्यांच्या दारात सडा टाकलेला असतो, अमृततुल्यात पहिला चहा उकळत असतो. आलं-वेलचीचा तो गोड, घट्ट चहा घ्या आणि तिथंच वाट विचारून घ्या. पत्ता विचारायला चहावाला, पेपरवाला आणि पारावर बसलेले आजोबा यांच्यासारखी माणसं नाहीत. मात्र इमारतीचं नाव सांगून उपयोग नाही, चौकाचं किंवा देवळाचं नाव सांगा. सोन्या मारुती, जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर, गुपचूप गणपती ही इथली दिशादर्शक नावं आहेत. टिळक चौक म्हणालात तर समोरचा क्षणभर थांबेल, अलका टॉकीज म्हणालात तर लगेच हात करून दाखवेल.

सुरुवात कसबा गणपतीपासून करा. हे पुण्याचं ग्रामदैवत. जिजाऊसाहेब बाल शिवाजीराजांना घेऊन पुण्यात राहायला आल्या तेव्हा हे गाव उद्ध्वस्त झालेलं होतं. सोन्याच्या फाळानं नांगर फिरवून त्यांनी ते पुन्हा वसवलं, असं पुणेकर पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत, आणि गणपतीचं मंदिरही जिजाऊंनी बांधून घेतलं. जवळचा लाल महाल आता दिसतो तो नव्यानं बांधलेला आहे, मूळ वास्तू राहिलेली नाही. पण शाहिस्तेखानावर 1663 च्या एप्रिलमध्ये छापा पडला तो याच जागेच्या आसपास, हे ध्यानात ठेवून उभं राहिलं की गल्ल्यांचा अरुंदपणा वेगळा वाटायला लागतो.

तिथून विचारत विचारत तांबट आळीत जा. पेशवाईपासून तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या कारागिरांची ही आळी. काम सुरू झालं की ठोक्यांचा आवाजच वाट दाखवतो. तांब्याच्या भांड्याला बाहेरून जी बारीक खळग्यांची नक्षी असते तिला मठार म्हणतात. ती दिसायला शोभेची, पण त्या ठोक्यांनी पत्रा कठीण होतो, भांडं टिकतं. एका दुकानाच्या उंबऱ्यात मी बराच वेळ उभं राहून हे बघितलं आहे. कारागीर काका जमिनीवर बसलेले, पायात रोवलेल्या लोखंडी खुंटावर घागर अडकवलेली, डावा हात घागर किंचित फिरवतो आणि उजवा ठोका मारतो. कुठं खूण नाही, रेघ नाही, तरी खळगे ओळीनं एकाखाली एक बसतात. घागर एक फेरा पूर्ण करते आणि दुसरी ओळ पहिलीच्या बरोबर खाली सुरू होते. मान वर न करता काका म्हणाले, "बसून बघा, फक्त उजेड अडवू नका." तुम्हीही जाल तेव्हा दाराच्या बाजूला थांबा, फोटो काढायच्या आधी विचारा, आणि जमलं तर एखादा तांब्या तिथूनच घ्या. हे काम करणारी घरं कमी होत चालली आहेत आणि गिऱ्हाईक आलं तरच ती टिकतील.

अंगात दम असेल तर नागझरीचा ओढा ओलांडून सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीला जा. पुण्यात माझी सगळ्यात आवडती वास्तू कुठली विचाराल तर ही. अठराव्या शतकाच्या मध्यात भीमगिरजी गोसावी यांनी बांधायला घेतलेलं हे देऊळ दाट वस्तीत इतकं आत आहे की पहिल्या वेळी शेजारून गेलात तरी कळत नाही. पेशवाईतल्या पुण्यातली बहुतेक देवळं साधी, हे मात्र अखंड काळ्या दगडात कोरून काढल्यासारखं. दर्शनी भिंतीवर द्वारपाल, हत्ती, गजलक्ष्मी, आणि त्यांच्यातच बंदुका घेतलेले गोरे शिपाई एका गेंड्याला साखळीनं बांधताना दिसतात. देवळाच्या भिंतीवर हे काय म्हणून कोरलं असेल याचा विचार करत तिथं पाऊण तास सहज जातो. आतली मूर्ती तीन सोंडांची, मोरावर बसलेली. सकाळचा उजेड भिंतीवर तिरपा पडतो तेव्हा कोरीवकाम नीट वाचता येतं, म्हणून उन्ह वर चढायच्या आत पोहोचा.

दुसरी सकाळ: शनिवारवाडा ते मंडई, आणि पुढे गंज पेठ

शनिवारवाड्यात बहुतेकजण निराश होतात, कारण आत वाडा नाही. थोरल्या बाजीरावांनी 1730 मध्ये पाया घातला, दोन वर्षांत वाडा उभा राहिला आणि 1828 च्या आगीत आतलं सगळं जळून गेलं. उरले ते जोते, तटबंदी आणि दरवाजे. तेव्हा महाल शोधू नका. दिल्ली दरवाजावरचे हत्तीची धडक अडवणारे खिळे बघा, तटावरून एक फेरी मारा, आणि आतल्या दगडी जोत्यांवरून कुठं चौक, कुठं कारंजं, कुठं दालन असेल याचा अंदाज करा. दुपारी हे काम करू नका, तिथं सावली नाही.

मग बाजीराव रस्त्यानं दक्षिणेकडे चालायला लागा. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकानं. जून-जुलैत गेलात तर शाळा-कॉलेजच्या पोरांची एवढी झुंबड असते की पाय ठेवायला जागा नसते. जवळच तांबडी जोगेश्वरी. पुढे विश्रामबागवाडा, दुसऱ्या बाजीरावांचा. त्याचा लाकडी दर्शनी भाग, सुरुदार खांब आणि वरचा सज्जा रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून बघा, खाली उभं राहून दिसत नाही. इंग्रजी अमलात 1821 मध्ये इथं संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज आकाराला आलं.

तुळशीबागेत बांगड्या, भांडी, भातुकलीचे खेळ यांच्या गर्दीतून एका दारानं आत शिरलात की राममंदिराचा मोकळा चौक लागतो. बाहेरचा कलकलाट तिथं बराच कमी होतो. खरेदीला येणाऱ्या निम्म्या बायकांना हे देऊळ माहीत असतं, उरलेल्या निम्म्या दारावरून पुढे जातात.

मंडईची दगडी इमारत 1886 ची, आठ कोनांच्या मनोऱ्याची. तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. या इमारतीवर एवढा पैसा ओतण्याला जोतीराव फुल्यांचा विरोध होता, तो पैसा शिक्षणावर खर्च करा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्याच मंडईला महात्मा फुल्यांचं नाव देण्यात आलं. मंडईत सकाळी गाळ्यांमधून फिरा. भाव विचारायला हरकत नाही, पण भाजी हाताळून तशीच ठेवलीत तर मावशी चिडतील.

आणि मग, हे चुकवू नका, मंडईवरून गंज पेठेत फुले वाड्यावर जा. चालत पंधरा-वीस मिनिटांची वाट. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा 1848 मध्ये बुधवार पेठेत भिडे वाड्यात सुरू केली. राहते होते ते इथं. साधं, बुटकं, कौलारू घर. अस्पृश्यांना गावात पाणी मिळत नव्हतं तेव्हा 1868 मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. शनिवारवाड्याच्या तटावरून निघून अंगणातल्या या पाण्यापाशी येऊन थांबलं की पुण्याचा इतिहास एका सकाळीत दोन्ही बाजूंनी दिसतो. नुसत्या पेशव्यांच्या वाटेनं फिरणाऱ्याला अर्धंच पुणं दिसतं, हे माझं ठाम मत आहे.

पाण्याचा माग

हा तुकडा एका सकाळीत होत नाही, पण ज्याला शहर खरंच ओळखायचं आहे त्यानं करावा. पेठा वाढल्या तशी पाण्याची ओढ सुरू झाली. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी-विटांच्या नळातून पुण्यात आणलं. पंप नव्हता, यंत्र नव्हतं, नुसत्या उतारावर पाणी पळत शहरात यायचं. काही ठिकाणी नळ माणूस आत उतरेल एवढा मोठा आहे. वाटेत हवा खेळण्यासाठी बांधलेले उच्छ्वास होते आणि शहरात हौद: काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, सदाशिव पेठेतला हौद. आज फडके हौद चौकातून जाणाऱ्यांना तो नुसता बसचा थांबा वाटतो.

कात्रजला बसनं जा, नानासाहेबांचा तलाव बघा, आणि परतताना पर्वतीला उतरा. 103 पायऱ्या आहेत, रुंद आणि बसक्या, वयस्कर माणसंही रोज चढतात. वर देवदेवेश्वराचं मंदिर नानासाहेबांनी बांधलेलं, आणि पानिपतानंतर 1761 मध्ये त्यांचा शेवटही इथंच झाला. तटावर उभं राहून कात्रजच्या डोंगरापासून पेठांपर्यंत नजर फिरवा, पाणी कुठून कुठं आणलं ते एका दृष्टिक्षेपात कळतं. पायथ्याला सारसबाग, तिथं एके काळी तळं होतं, म्हणून त्या गणपतीला आजही तळ्यातला गणपती म्हणतात.

पावसाळ्यात मात्र पाण्याचा माग नदीवर घ्या आणि जपून घ्या. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातला रस्ता बंद होतो आणि सगळी वाहतूक लकडी पुलावर येते. त्या दिवसांत सकाळी निघण्याआधी विसर्गाची बातमी बघायची सवय लावा. नदीपात्रात गाडी लावून ऑफिसला जाऊ नका.

नदीपलीकडे आणि कॅम्पात

जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराचं लेणं आहे, आठव्या शतकातलं, एकाच खडकात खाली खोदत नेलेलं. समोर गोल छत्रीसारखा नंदीमंडप. रस्त्यावर बसचे हॉर्न वाजत असतात आणि पाच मिनिटांत तुम्ही लेण्याच्या गारव्यात बसलेले असता. संध्याकाळी तिथून फर्ग्युसन रस्त्यानं गुडलक चौकात या, इराण्याकडे बनमस्का आणि चहा घ्या.

टेकड्यांची सवय मात्र पहिल्या महिन्यातच लावा. वेताळ टेकडी शहरातली सर्वांत उंच. विधी महाविद्यालयाच्या मागून, चतुःशृंगीकडून, पाषाणकडून, कुठूनही चढता येते. पहाटे तिथं सगळ्या वयाचे लोक भेटतात आणि रोज चढणारी मंडळी अनोळखी माणसालाही नमस्कार घालतात. नवीन शहरात ज्याला ओळखपाळख नाही त्याला याचं मोल कळेल. मे महिन्यात ती करडी, रखरखीत दिसते, जुलैत तीच ओळखू येत नाही. अंधार पडल्यावर एकटं थांबू नका.

कॅम्पासाठी अर्धा दिवस पुरे. महात्मा गांधी रस्ता, शिवाजी मार्केट, आणि मोलेदिना रस्त्याजवळचं लाल देऊळ, म्हणजे डेव्हिड ससून यांनी बांधवलेलं 1867 चं सिनेगॉग. आत जायला परवानगी आणि ओळखपत्र लागतं, बाहेरून लाल विटांचा मनोरा कुणालाही बघता येतो. आगाखान पॅलेस इथून दूर, नगर रस्त्यावर. ऑगस्ट 1942 मध्ये गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाईंना तिथं स्थानबद्ध केलं. आठवड्याभरात, 15 ऑगस्टला महादेवभाई गेले आणि 22 फेब्रुवारी 1944 ला कस्तुरबा. दोघांच्या समाध्या बागेत आहेत. तिथं घाईनं जाऊ नका.

त्रास होणारच, त्याची तयारी

पुण्यात चालणं सोपं नाही हे आधीच मान्य करून निघा. फुटपाथ मध्येच संपतो, त्यावर दुचाकी लावलेली असते, सिग्नल हिरवा असतानाही डावीकडून गाडी येते. एकेरी रस्ता ओलांडतानाही दोन्हीकडे बघा. बूट बंद आणि जुने घाला, पावसाळ्यात पटकन वाळणारे. पाण्याची बाटली आणि रुमाल हवाच, बांधकामांची धूळ सगळीकडे आहे. एप्रिल-मेत साडेसहा ते नऊ एवढ्यात फिरणं उरका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला.

पेठांतली बरीच दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात. त्या वेळात चिडण्यापेक्षा केळकर संग्रहालय गाठा. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्यं गोळा केली आणि आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं हा संग्रह उभा केला. जेवायला नारायण किंवा सदाशिव पेठेत एखादी साधी खाणावळ बघा. मिसळ घ्याल तर पुणेरी मिसळ कोल्हापूरइतकी तिखट नसते, तिची चव वेगळी आहे, ती तिच्या मापानंच खा.

एकटेपणाही येतो. रविवारची संध्याकाळ परक्या शहरात जड जाते. त्यावर मला सापडलेला उपाय म्हणजे व्याख्यानं आणि वाचनालयं. लक्ष्मी रस्त्यावरचं पुणे नगर वाचन मंदिर 1848 पासून चालू आहे, तिथं सभासद व्हा. उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमाला असते, न्यायमूर्ती रानड्यांच्या काळापासूनची. शेजारच्या खुर्चीतले काका-काकू आपणहून विचारतात, "तुम्ही कुठले?" तिथून गप्पा सुरू होतात.

वर्षातले दोन दिवस राखून ठेवा

ज्येष्ठात देहूहून तुकोबांची आणि आळंदीहून माउलींची पालखी निघते, त्या दोन्ही पुण्यात मुक्कामाला येतात. तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात. त्या दिवशी रस्ते बंद असतात, ऑफिसला जाणं अवघड होतं, तेव्हा सुट्टी टाका आणि रस्त्याच्या कडेला उभे राहा. वारकऱ्यांना पाणी, केळी, राजगिऱ्याचे लाडू द्या. कुणी मावशी विचारतील, "पाय जरा चेपून देता का?" तर खाली बसा आणि चेपा. या शहरात आपण पाहुणे नाही, असं पहिल्यांदा वाटतं ते अशा वेळी.

गणपतीत देखावे रात्री बघायचे असतात, पण मानाचे पाच गणपती, कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा, पहाटे बघा. पायी दोन तासांत होतात. विसर्जन मिरवणूक मंडईतून सुरू होते आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. लहान मुलं बरोबर असतील तर सकाळी मानाच्या गणपतींसाठी बेलबाग चौकाच्या आसपास थांबा आणि दुपारी निघा. ढोल-ताशाचा आवाज प्रचंड असतो, मुलांच्या कानांत कापूस घाला. भेटायची जागा आधी ठरवून ठेवा, कारण गर्दीत मोबाइल लागत नाही.

पेठा झाल्या की सिंहगड

सिंहगड शेवटी ठेवा. आधी शहर पायाखालून गेलं असेल तर गडावरून काय दिसतंय ते ओळखता येतं: इकडं खडकवासल्याचं पाणी, तिकडं टेकड्या, मध्ये पेठा कुठं असतील ते. स्वारगेट आणि शनिवारवाड्याकडून पायथ्याच्या आतकरवाडीला पीएमपी जाते. पायवाटेनं तास-दीड तासाची खडी चढण आहे. गड समुद्रसपाटीपासून सुमारे 1300 मीटर उंच, वारा जोरात असतो. तानाजी मालुसरे 4 फेब्रुवारी 1670 ला इथं पडले, त्यांची समाधी आहे, राजाराम महाराजांचीही आहे. देवटाक्याचं पाणी बघा. पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही गडावरच्या मावशींकडेच घ्या. त्यांच्यापैकी कितीजणी भल्या सकाळी सरपण आणि सामान घेऊन वर येतात.

पावसाळ्यात कड्याच्या टोकाशी जाऊ नका, दगड निसरडे असतात आणि धुक्यात कडा दिसत नाही. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. सकाळी सहाची गाडी पकडलीत तर दुपारच्या जेवणाला घरी पोहोचता येतं. पायथ्याला उतरतानाच परतीच्या गाड्यांची वेळ कंडक्टरला विचारून ठेवा, आणि भाकरीचे पैसे सुट्टे न्या, वर मोबाइलला रेंज असेलच असं नाही.